नाचता येईना की अंगण वाकडं?

२००७ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी तेव्हा न्यू जर्सीत नोकरी करत होतो. ऑफिसात बाराजणांची फॅन्टसी फुटबॉल लीग होती. तीन वर्षं मी बाजूला उभा राहून नुसती गंमत बघत होतो. त्या वर्षी एकजण नोकरी सोडून गेला, बारावी खुर्ची रिकामी झाली आणि मला ओढून बसवण्यात आलं. वीस डॉलर वर्गणी, मीटिंगच्या खोलीत पिझ्झा आणि फळ्यावर बारा रकाने.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. अमेरिकन फुटबॉल हा नावापुरता फुटबॉल. पायापेक्षा हाताचं काम जास्त. शंभर यार्डांचं मैदान, प्रत्येक बाजूला अकराजण. क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार, चेंडू तो फेकतो. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेने धावत सुटतो आणि तो फेकलेला चेंडू झेलतो. झेलून पार शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. फॅन्टसी फुटबॉलमध्ये आपण खुर्चीत बसून यातले खरे खेळाडू आळीपाळीने आपल्या कागदी संघात घ्यायचे. एकाने घेतला की तो इतरांना बंद. मग दर रविवारी ते खेळाडू खऱ्या मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. आमच्याकडे दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा, असा सरळ हिशेब होता. ज्याला भाकित जमतं तो जिंकतो.

म्हणजे हा सगळा खेळ एकाच प्रश्नावर उभा आहे. या माणसाने काल काय केलं ते दिसतंय, उद्या तो काय करेल?

हा प्रश्न इतिहासाचा आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मी त्याला गणिताचा प्रश्न समजलो आणि तिथेच फसलो.

मी इंजिनियर माणूस. आठवडाभर रात्री जागून मी एक भलंमोठं एक्सेल शीट तयार केलं. प्रत्येक रिसीव्हरचे मागच्या हंगामातले झेल, यार्ड, टचडाउन आणि त्यावरून काढलेले गुण. त्यात वरच्या बाजूला एक नाव झळकत होतं, इंडियानापोलिस कोल्ट्सचा मार्विन हॅरिसन. २००६ मध्ये ९५ झेल, १३६६ यार्ड, १२ टचडाउन. आमच्या हिशेबाने २०८.६ गुण. आणि हे एकाच वर्षाचं नव्हतं. १९९९ पासून सलग आठ हंगाम त्याने दरवर्षी दहा किंवा जास्त टचडाउन केले होते. चेंडू फेकायला पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक. बँकेतल्या मुदत ठेवीसारखा माणूस.

त्याच शीटमध्ये खूप खाली, जिथे आपण स्क्रोल करायचाही कंटाळा करतो तिथे, दुसरं एक नाव होतं. रँडी मॉस. २००६ मध्ये ओकलंड रेडर्सकडून ४२ झेल, ५५३ यार्ड, ३ टचडाउन. एकूण ७३.३ गुण.

मी दुसऱ्या फेरीत हॅरिसनला घेतलं. चौथ्या फेरीत माझा नंबर आला तेव्हा मॉस अजून फळ्यावर होता. मी त्याला सोडलं. माझ्यानंतर लगेच शेजारच्या क्युबिकलमधल्या एका पेट्रियट्सभक्ताने त्याला उचललं. मॉस त्या उन्हाळ्यात त्याच्या लाडक्या संघात आला होता एवढंच त्याचं कारण. मी मनातल्या मनात हसलो. भक्ती आणि विश्लेषण यांतला फरक मला कळत होता ना!

पुढे काय झालं ते फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २००७ च्या हंगामात हॅरिसनचा गुडघा दुखावला. तो फक्त पाच सामने खेळला, २० झेल, २४७ यार्ड, एक टचडाउन. गुण ३०.७. आणि मॉसने ९८ झेल, १४९३ यार्ड आणि २३ टचडाउन केले. गुण २८७.३. एका हंगामात २३ टचडाउन झेलण्याचा हा विक्रम आहे आणि इतकी वर्षं लोटली तरी तो मोडलेला नाही.

२०८ विरुद्ध ७३ असं माझा कागद सांगत होता. ३० विरुद्ध २८७ असं मैदानाने सांगितलं. एवढं उलटंपालटं उत्तर आलं की माणसाने उत्तरावर चिडण्यापेक्षा प्रश्न पुन्हा वाचावा. तो मी गेली अनेक वर्षं अधूनमधून वाचतो आहे.

आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःला जमत नाही आणि दोष परिस्थितीला, अशा माणसाला आपण ती ऐकवतो. म्हण खरीच आहे. पण ती इतकी तोंडात बसली आहे की अंगण खरंच वाकडं असू शकतं हे आपण विसरून जातो. रँडी मॉसची सगळी कारकीर्द म्हणजे या म्हणीची उलटतपासणी आहे. म्हणून ती जरा क्रमाने सांगतो.

मॉस वेस्ट व्हर्जिनियातल्या रँड नावाच्या लहानशा गावचा, जन्म १९७७ चा. अंगात वीज, पण पोरवयातली भांडणं आणि कायद्याची लफडी यापायी नॉत्र दाम आणि फ्लोरिडा स्टेट या दोन नामांकित विद्यापीठांची दारं त्याला बंद झाली. शेवटी घराजवळच्या मार्शल विद्यापीठात तो खेळला. १९९८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी वीस नावं पुकारली गेली. गुणवत्तेबद्दल शंका कुणालाच नव्हती, सगळ्यांनी त्याचं प्रगतिपुस्तक वाचलं होतं. एकविसाव्या नंबरावर मिनेसोटा व्हायकिंग्जनी त्याला घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने १७ टचडाउन केले आणि व्हायकिंग्जनी सोळापैकी पंधरा सामने जिंकले. त्याला आधी सोडून देणाऱ्यांत डॅलस काउबॉइज होते. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डॅलसमध्ये जाऊन त्याने फक्त तीन झेल घेतले, त्या तीन झेलांत १६३ यार्ड काढले आणि तिन्ही वेळा टचडाउन केला. उट्टं काढणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर तो सामना बघावा.

मग व्हायकिंग्जकडे सात वर्षं. २००३ मध्ये १११ झेल, १६३२ यार्ड, १७ टचडाउन. म्हणजे २६५ गुण. २००४ मध्ये मांडीचा स्नायू दुखावल्याने झेल ४९ वर आले, तरी त्यातही १३ टचडाउन. २००५ मध्ये ओकलंड रेडर्सनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीतला सातवा क्रमांक आणि वर एक खेळाडू देऊन त्याला विकत घेतलं. आता रेडर्सचं भाग्य उजळणार असं सगळ्यांना वाटलं, फॅन्टसीवाल्यांना तर जास्तच. झालं काय? २००५ मध्ये १४८.५ गुण आणि २००६ मध्ये आपण वर पाहिले ते ७३.३.

आता २००६ चं ते अंगण बघू. रेडर्सनी त्या वर्षी सोळापैकी चौदा सामने हरले. अख्ख्या हंगामात संघाचे मिळून १६८ गुण झाले, म्हणजे सामन्यामागे साडेदहा. लीगमध्ये सगळ्यात कमी. त्यांचा क्वार्टरबॅक ७२ वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवला गेला. रिसीव्हर चाळीस यार्ड धावत जाईपर्यंत चेंडू फेकणारा उभाच नसेल तर तो झेलणार काय? चढाईचे डावपेच आखायला ज्या गृहस्थांना आणलं होतं ते कित्येक वर्षं या धंद्यापासून लांब, आयडाहो राज्यात एक छोटंसं घरगुती हॉटेल चालवत होते. हंगाम अर्धा झाल्यावर त्यांच्याकडून ते काम काढून घ्यावं लागलं.

पण थांबा. इथे मॉसला एकदम निर्दोष ठरवून मोकळं होणंही चूक होईल. त्या हंगामात त्याच्या हातून सोपे झेल सुटत होते. मन लागत नाही, त्यामुळे एकाग्रता राहत नाही, असं त्याने स्वतःच उघडपणे सांगितलं होतं. मला वाटेल तेव्हा मी जोर लावून खेळतो, अशा अर्थाचं एक वाक्य तो व्हायकिंग्जमध्ये असताना बोलून बसला होता, ते तर लोकांनी त्याच्या गळ्यातच बांधलं होतं. म्हणजे अंगण वाकडं होतं आणि नाचणाराही रुसलेला होता. दोन्ही खरं. एका आकड्यात, त्या ७३.३ मध्ये, या दोन्ही गोष्टी अशा मिसळून गेल्या होत्या की कुठली किती, हे त्या आकड्याकडे बघून कुणालाच सांगता आलं नसतं.

माझ्या शीटची चूक नेमकी ही होती. आकडे सगळे अस्सल होते, एकही खोटा नव्हता. पण अस्सल कागद हातात आला म्हणजे इतिहास हातात आला असं नसतं. तो कागद कुणी लिहिला, कुठल्या प्रसंगी लिहिला, लिहिणाऱ्याचे हात मोकळे होते की बांधलेले, हे विचारावं लागतं. बखर वाचताना आपण सावध असतो, कारण ती बखर आहे हे माहीत असतं. आकड्यांसमोर मात्र आपण हात जोडून उभे राहतो.

२९ एप्रिल २००७ या दिवशी रेडर्सनी मॉसला न्यू इंग्लंड पेट्रियट्सना देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं? चौथ्या फेरीतला एक क्रमांक, एकशेदहावा. दोन वर्षांपूर्वी सातव्या क्रमांकाला घेतलेला माणूस एकशेदहाव्या क्रमांकाला विकला. मॉसनेही पगारात मोठी कपात मान्य करून एकाच वर्षाचा करार केला. त्याचं वय होतं तीस.

ऑगस्ट २००७ मध्ये माझ्यासमोर ही सगळी माहिती होती. ती गुप्त नव्हती, वर्तमानपत्रांत छापून आली होती. मग शहाण्या माणसाने ती कशी वाचली असती? मागे वळून बघताना मला चार प्रश्न दिसतात. कुठल्याही रिसीव्हरच्या येत्या हंगामाचा अंदाज बांधताना ते विचारायला हवेत असं माझं मत झालं आहे.

पहिला, चेंडू कोण फेकणार? रिसीव्हर हा परावलंबी प्राणी आहे. त्याचं नशीब दुसऱ्याच्या हातातून उडत येतं. हंगामात सगळ्यात जास्त टचडाउन झेलण्याच्या विक्रमाची वंशावळ बघा. ग्रीन बे पॅकर्सच्या डॉन हट्सनने १९४२ मध्ये १७ केले. ते बेचाळीस वर्षं टिकले. १९८४ मध्ये मायामी डॉल्फिन्सच्या मार्क क्लेटनने १८ केले, त्याच वर्षी त्याच्या क्वार्टरबॅकने, डॅन मरीनोने, ४८ टचडाउन फेकण्याचा विक्रम केला होता. २००७ मध्ये मॉसने २३ झेलले, त्याच वर्षी टॉम ब्रेडीने ५० फेकले. झेलणाऱ्याचा विक्रम आणि फेकणाऱ्याचा विक्रम एकाच घरात जन्माला आले. मधला १९८७ चा जेरी राइसचा २२ चा विक्रम तर मला सगळ्यांत थोर वाटतो, कारण खेळाडूंच्या संपामुळे तो त्या वर्षी बाराच सामने खेळला. पण त्यालाही चेंडू फेकणारा होता जो मॉन्टाना.

दुसरा प्रश्न, संघाला करायचं काय आहे? पेट्रियट्सचा २००६ मधला सगळ्यात जास्त झेल घेणारा रिसीव्हर होता रेशी कॉल्डवेल, ६१ झेल आणि ७६० यार्ड. अशा साध्यासुध्या सामग्रीवरही ब्रेडीने २४ टचडाउन फेकले होते आणि संघ सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत गेला होता. त्यानंतर एकाच उन्हाळ्यात त्यांनी वेस वेल्कर, डॉन्टे स्टॉलवर्थ आणि मॉस असे तीन रिसीव्हर आणले. घरात अचानक तीन मोठी पातेली आली तर कार्य आहे हे शेजाऱ्यालाही कळतं. मला कळलं नाही, कारण पातेल्यांचा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

तिसरा, कुठला आकडा टिकाऊ आणि कुठला लहरी? झेल आणि यार्ड साधारण टिकतात, टचडाउन लहरी असतात. याचं फार सुंदर उदाहरण पुढे २०१२ मध्ये मिळालं. डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्व्हिन जॉन्सनने त्या वर्षी १९६४ यार्डांचा विक्रम केला, पण टचडाउन फक्त पाच. गुण २२६.४. त्याच्या आदल्या वर्षी यार्ड कमी, १६८१ च, पण टचडाउन १६ आणि गुण २६४.१. म्हणजे माणूस आयुष्यातला सर्वोत्तम हंगाम खेळला आणि त्याच्या कागदी मालकाचा तोटा झाला. २०१३ मध्ये यार्ड पुन्हा १४९२ वर उतरले आणि टचडाउन १२ वर चढले. जो २०१२ चे पाच बघून घाबरला तो चुकला आणि जो १९६४ बघून हुरळला तोही थोडा चुकलाच.

चौथा, वय आणि शरीर. इथे माझी सगळ्यात मोठी चूक होती आणि ती मॉसच्या बाबतीत नव्हती, हॅरिसनच्या बाबतीत होती. त्या ऑगस्टमध्ये तो पस्तिशीचा झाला. सलग आठ वर्षं, सलग आठ वर्षं असं मी स्वतःला पटवत होतो. पण सातत्य म्हणजे अमरपट्टा नव्हे. उलट आठ वर्षं सलग धावलेल्या गाडीचं नववं वर्ष जरा जपूनच धरायला हवं. शीटमध्ये त्याचं वय होतं, शेवटच्या रकान्यात. मी त्याला भारांक शून्य दिला होता.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे चारही प्रश्न विचारून २३ हे उत्तर कुणालाच मिळालं नसतं. मॉस त्या ऑगस्टमध्ये मांडीच्या दुखण्याने सरावाचा एकही सामना खेळला नव्हता. तोही धोका खरा होता. त्यामुळे उत्तर एक आकडा नव्हता, एक मोठी अंतराची पट्टी होती. खाली ७३, वर त्याचे जुने २६५. प्रश्न एवढाच होता की चौथ्या फेरीच्या भावात ही पट्टी घ्यावी की नाही. घ्यावी, असं उत्तर होतं. आणि हॅरिसनची पट्टी मी समजत होतो तशी अरुंद नव्हतीच, ती फक्त मागच्या आठ वर्षांत अरुंद दिसली होती.

शेजारच्या क्युबिकलवाल्याला हे सगळं कळलं होतं का? नाही. तो भक्त होता. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर मिळवून तो मोकळा झाला. असंही होतं. परीक्षकाने पायऱ्यांना गुण न देता फक्त उत्तराला दिले तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

गंमत म्हणजे ही चूक या खेळाइतकीच जुनी आहे. फॅन्टसी फुटबॉलची कल्पना १९६२ मध्ये बिल विंकेनबाख या ओकलंडच्या उद्योजकाने काढली. त्याची रेडर्स संघात छोटीशी भागीदारी होती. संघाबरोबर दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोघातिघांनी बसून नियम लिहिले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये ओकलंडला त्याच्या घरी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव पुकारलं गेलं ते ह्यूस्टन ऑइलर्सच्या जॉर्ज ब्लँडाचं. जिम ब्राउन तेव्हा मोकळा होता. ब्लँडाने १९६१ मध्ये ३६ टचडाउन फेकले होते, त्याची छाप लोकांच्या मनावर होती. १९६२ मध्ये त्यानेच ४२ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात फेकला होता, ती विसरली गेली. न्याय द्यायचा तर तो लाथेने गोल मारण्याचंही काम करायचा, त्यामुळे निवड अगदीच वेडेपणाची नव्हती. पण जिम ब्राउनने त्या हंगामात १८६३ यार्ड धावून विक्रम केला. म्हणजे जगातल्या पहिल्यावहिल्या कागदी संघाने पहिलीच निवड जुन्या प्रगतिपुस्तकावर केली! मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण एकटे नाही.

आणि हा सगळा खेळ सुरू झाला ओकलंड रेडर्सच्या माणसांकडून. त्याच संघाने चव्वेचाळीस वर्षांनी खऱ्याखुऱ्या बाजारात मॉसचं मोल एकशेदहावं ठरवलं. असो.

तो हंगाम माझ्या दारातच सुरू झाला आणि दारातच संपला. ९ सप्टेंबर २००७ ला पेट्रियट्सचा पहिला सामना न्यूयॉर्क जेट्सशी न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियममध्ये झाला. मॉसने ९ झेल आणि १८३ यार्ड काढले. सोमवारी ऑफिसात गेलो तर फळ्यावर कुणीतरी माझ्या नावापुढे छोटीशी कबर काढून ठेवली होती. मग २९ डिसेंबरला त्याच स्टेडियममध्ये न्यूयॉर्क जायंट्सशी शेवटचा सामना झाला. आमची लीग तोपर्यंत संपली होती, मी बारांत अकरावा आलो होतो, आता गुणांचा काही संबंध नव्हता. म्हणून पहिल्यांदाच मी नुसता खेळ बघितला. पेट्रियट्स २३-२८ असे मागे होते. ब्रेडीने उजवीकडे लांब फेक टाकली, जरा आखूड पडली, मॉस थांबला आणि चेंडू त्याच्या हातून सुटला. सगळं स्टेडियम हळहळलं किंवा आनंदलं. पुढच्याच चालीला त्यांनी जवळजवळ तीच फेक पुन्हा टाकली. या वेळी पासष्ट यार्डांचा टचडाउन. ब्रेडीचा पन्नासावा, मॉसचा तेविसावा. ३८-३५ ने जिंकून सोळापैकी सोळा. पुढे सुपर बोलमध्ये त्याच जायंट्सनी त्यांना १७-१४ ने हरवलं, ते वेगळं.

एक झेल सुटल्यावर लगेच त्याच माणसाकडे तीच फेक टाकणारा कुणीतरी मिळावा लागतो. ओकलंडमध्ये तो नव्हता.

पण म्हणून अंगण सरळ असलं की सगळं जमतं, असाही निष्कर्ष काढू नये. २००८ मध्ये सगळ्यांनी मॉसला चढ्या भावाने घेतलं आणि पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. मॉस १६६.८ गुणांवर आला. २०१० मध्ये तो एकाच हंगामात तीन संघांकडून खेळला आणि मिळून २८ झेल घेतले. तेव्हा मात्र अंगणं बदलून उपयोग झाला नाही, पायच थकले होते. २०१८ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. एकूण १५६ टचडाउन झेललेला माणूस जायचाच होता.

आता जे लिहायचं म्हणून बसलो होतो ते लिहितो.

२००७ च्या त्याच ऑगस्टमध्ये मला माझ्या टीमसाठी कंपनीतल्याच दोघांतून एकाला निवडायचं होतं. एकाचं रेटिंग सलग चांगलं होतं. दुसरा दोन वर्षं अशा एका प्रोजेक्टवर होता जो शेवटी गुंडाळला गेला. त्याचं रेटिंग पडलेलं होतं. मुलाखतीत तो म्हणाला, तिथे करण्यासारखं फार काही नव्हतं. मला आठवतंय, मी मनात ती म्हण म्हटली. अंगण वाकडं! अर्ध्या तासात मी निर्णय घेतला. फुटबॉलच्या शीटवर मी आठ रात्री घालवल्या होत्या.

पहिला माणूस चांगलाच निघाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दुसरा वर्षभरात कंपनी सोडून गेला असं कानावर आलं. कुठे गेला, पुढे त्याचं काय झालं, ते मला माहीत नाही. कदाचित त्याला त्याचा ब्रेडी भेटला असेल. कदाचित माझा निर्णय बरोबरही असेल.

हॅरिसनला घेतल्याचा निकाल मला डिसेंबरात कळला, फळ्यावर लिहून, आकड्यांत. त्या माणसाबाबतचा निकाल मला आजतागायत कळलेला नाही आणि आता कळणारही नाही. तो प्रोजेक्ट का गुंडाळला गेला हे त्याला विचारायला मला फार तर दहा मिनिटं लागली असती.

यंदाही लीग आहे. मी अजून खेळतो, बहुतेक वर्षी मधेच कुठेतरी असतो. शीट अजून करतो. फक्त आता नावाशेजारी पहिला रकाना गुणांचा नसतो. मागच्या वर्षी हा माणूस कुठे होता आणि कुणाबरोबर होता, हे त्या रकान्यात लिहितो आणि मगच आकड्यांकडे वळतो.